मास्तरांच्या पँटचे मार्जिन

मास्तरांचे कपडे त्यांच्या अंगावर कधी लोंबले नाहीत. सत्तरी ओलांडून बरीच वर्षे झालेला हा माणूस सकाळी आपल्या शिवणकामाच्या दुकानाचे दार उघडायचा, तेव्हा पँटची इस्त्री धारदार आणि कंबर जिथल्या तिथे असायची. समोरच्या दुकानातला चष्मेवाला रोज विचारायचा, "मास्तर, तुम्ही खाता तरी काय हो? आहात तसेच आहात!" मास्तर खूश होऊन हात हलवायचे. खरे म्हणजे ते फारसे काही खातच नव्हते, आणि होते तसे राहिलेही नव्हते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी मशीन, त्याला लागून कापड बेतायचे टेबल, गिऱ्हाइकांसाठी बाक, आरसा आणि मागे वर जाणारा अरुंद लाकडी जिना. वर राहायची खोली. पूर्वी काजे-बटणे बायको करायची आणि स्वयंपाकही तीच. दुपारचे जेवण तयार झाले की ती वरून जमिनीवर उलथने आपटायची. खाली मास्तरांच्या डोक्यावर ठकठक झाली की शिवण निम्म्यात असली तरी मशीन थांबायचे. ती गेली आणि ठकठक बंद झाली. मशीन मग दुपारभर चालत राहिले.

भूक लागली की मास्तर चहा टाकत आणि त्यात पाव बुडवत. सकाळी तेच, दुपारी तेच, रात्री कधी भात आणि कधी पुन्हा तेच. बुडवलेला पाव चावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. कारण मास्तरांची खालची कवळी हिरडीला टोचायची, आणि ती तोंडापेक्षा शर्टाच्या खिशातच जास्त असायची, खडूच्या शेजारी. एकदा कोटावर खूण करायला त्यांनी खडू समजून कवळी बाहेर काढली आणि गिऱ्हाईक दोन पावले मागे सरकले.

पँट कमरेत सैल वाटली की मास्तर दिवसाची कामे उरकून ती मशीनखाली घालत. मागची शिवण थोडी आत घेतली की झाले. याला ते काम मानतच नसत. चष्मा पुसावा तसे ते होते. फक्त एक नियम त्यांनी जन्मभर पाळला होता, तो इथेही पाळला. आत घेतलेले कापड कापायचे नाही. त्याला ते मार्जिन म्हणत. गिऱ्हाईक आज बारीक आहे, उद्या अंग धरेल, तेव्हा उसवायला कापड हवे. तेव्हा स्वतःच्या पँटचे मार्जिनही त्यांनी आतल्या आत शिलकीत ठेवले आणि विसरून गेले.

एका सकाळी गिऱ्हाइकाचा तयार कोट हातावर घेऊन ते जिना उतरत होते. शेवटच्या पायऱ्यांवर पाय दुमडला. मास्तरांनी कोट वर धरला आणि स्वतः खाली बसले. कोटाला सुरकुती पडली नाही. मनगट मात्र सुजून टम्म झाले.

लेक दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची. चष्मेवाल्याचा फोन गेला आणि संध्याकाळपर्यंत ती पिशवी घेऊन दारात हजर. बाबांचे मनगट पाहून झाल्यावर ती जिन्यापाशी गेली. भिंतीवर खालपासून वरपर्यंत तळहाताच्या रुंदीचा एक मळकट पट्टा उमटला होता.

"हे काय आहे, बाबा?"

"जुनं आहे ते."

"मागच्या वेळी आले तेव्हा नव्हतं. तुम्ही भिंत धरून चढता?"

"भिंत काय पळून जाते धरल्यावर?"

ती हसली नाही. "आता पुरे झालं, बाबा. आमच्याकडे चला. मागची खोली रिकामी केलीय. दुकान बंद करा आणि मशीन विकून टाका."

मास्तरांनी मशीनकडे बघितले. लेकीच्या घरी काही कमी पडणार नाही हे त्यांना ठाऊक होते. तिथे ते जेवायच्या वेळी जेवतील, झोपायच्या वेळी झोपतील आणि मधल्या वेळात खुर्चीत बसून कोणी काही विचारील का याची वाट बघतील. त्यांना धास्ती वेगळीच वाटत होती. या वेळी पोरीचे म्हणणे बरोबर होते आणि ते खोडायला त्यांच्याकडे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना वस्तीतल्या आरोग्य केंद्रात घेऊन गेली. मनगटाला पट्टी बांधून झाली तरी तिथल्या सिस्टर त्यांना सोडेनात. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची सगळी तपासणी करायची, अशी त्यांची पद्धत होती. अंबाड्यात पेन खोचलेल्या या बाई बोलायला तुटक आणि हाताने हलक्या होत्या. त्यांनी मास्तरांना काट्यावर उभे केले.

"आधी वजन किती होतं?"

"मला काय माहीत? मी काय भाजी आहे रोज तोलायला?"

"बरं. अलीकडे कपडे सैल झालेत का?"

"माझे?" मास्तरांना हा जवळजवळ अपमानच वाटला. "माझे कपडे कधी सैल नसतात."

लेकीनेही मान डोलावली. बाबांचे कपडे आणि सैल, हे तिच्याही डोक्यात बसेना.

सिस्टरांनी टेप घेतली, मास्तरांचा पाय वर धरला आणि पोटरीचा घेर मोजला. मास्तरांना राहवेना. "टेप आवळू नका. बोट जाईल एवढी ठेवा."

"मला पँट शिवायची नाहीये. इथं मापं मी घेते." आकडा पाहून त्या जरा थांबल्या. "आता हात छातीशी घ्या आणि खुर्चीतून उठा. कुठे टेकायचं नाही."

हा कसला पोरखेळ, असे तोंड करून मास्तर उठायला गेले आणि होते तिथेच बसले. पुन्हा जोर लावला. अर्धे उठले आणि एका बाजूला कलले. लेकीने चटकन मागून पँटची कमरपट्टी मुठीत धरली. तिच्या मुठीत कापडाचा एक गठ्ठाच आला.

या पोरीचे बालपण बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळण्यात गेले होते. मुठीत काय आले ते तिला बघावे लागले नाही. तरी तिने बाबांना बसवले, त्यांच्या मागे गेली आणि कमरपट्टी उलटी केली.

"ही एक शिवण. ही तिच्या आतली. ही तिच्याही आतली. बाबा! अर्धी पँट आत आहे!"

"मार्जिन आहे ते," मास्तर म्हणाले.

सिस्टर येऊन बघू लागल्या. "म्हणजे वजन उतरत गेलं आणि तुम्ही..."

"मी पँट आत घेत गेलो."

हे वाक्य मास्तरांनी स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. ते ऐकून त्यांनाच कसेतरी झाले. गावातल्या निम्म्या लोकांची कंबर कधी वाढली आणि कधी घटली हे त्यांना तोंडपाठ होते. स्वतःच्या कमरेची बातमी मात्र ते दर दोन-तीन महिन्यांनी आपल्याच हाताने शिवून टाकत होते.

"तुमच्या हाताला एवढी सफाई नसती," सिस्टर म्हणाल्या, "तर शेजाऱ्यांनी तुम्हाला वर्षापूर्वीच इकडे ओढत आणलं असतं."

डॉक्टरांनी रक्त तपासले, छातीचा फोटो काढला. वजन उतरण्यामागे दुसरा काही आजार नाही ना, ते आधी बघावे लागते. तसे काही निघाले नाही. मग सिस्टर स्टूल ओढून समोर बसल्या आणि मास्तर दिवसभरात काय खातात ते त्यांनी विचारून घेतले. सांगायला वेळ लागला नाही.

"वय झालं की पाय जातात, असं म्हणून आपण सोडून देतो," त्या म्हणाल्या. "थोडं वयानं जातंही. पण तुमचं पुष्कळसं गेलंय ते चहा-पावानं. शरीराला लागतं ते ताटातून मिळालं नाही की ते घरातलंच मोडून खातं. तुमच्या मांड्या खाल्ल्या त्यानं."

"मग आता?"

"बरंचसं परत येतं. या वयातही येतं. नुसतं खाऊन येत नाही, पायांना काम द्यावं लागतं. आणि नुसतं काम करूनही येत नाही. सकाळी अंडं, नाहीतर दूध-दही. दुपारी डाळ, उसळ, मासे, जे परवडेल आणि चावेल ते. रात्रीही तसंच थोडं. दिवसभर उपाशी राहून एकदाच पोट भरलं तर भागत नाही. कवळी तोंडात घालायची, खिशात नाही. ती नीट बसत नसेल तर दातांच्या डॉक्टरांकडे मी पाठवते. आणि दुपारी इथं मागच्या हॉलमध्ये यायचं. एकटे राहणारे म्हातारे जेवायला येतात."

"मी काही म्हातारा..."

"खुर्चीतून उठून दाखवा, मग बोला."

लेक म्हणाली, "हे सगळं आमच्याकडेही होईल की."

"होईल. कुठं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पाय दोन्हीकडे लागणार आहेत."

बापलेक परत आले. दुकानाचे कुलूप काढता काढता मास्तर म्हणाले, "तुझ्या शाळेला सुट्टी लागेपर्यंत मला वेळ दे."

लेकीने विचार केला. "दिला. सुट्टी लागली की मी येईन. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि भिंतीला हात न लावता जिना चढायचा. जमलं तर मी अवाक्षर काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं. आणि मशीन..."

"विकायचं. कळलं."

हॉलमध्ये पहिल्या दिवशी मास्तर गळ्यात टेप अडकवून गेले, जणू कोणाचे माप घ्यायला आलेत. लांब टेबलाच्या टोकाला एक निवृत्त बस कंडक्टर बसला होता. नवा माणूस दारात दिसताच तो सवयीने ओरडला, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" सगळे हसले आणि सरकले. मास्तरांना बसावेच लागले. स्वयंपाकीणबाईंनी त्यांच्या ताटात घट्ट डाळ वाढली, मऊ शिजवलेली भाजी वाढली आणि वर उकडलेले अंडे ठेवले. मास्तरांनी कडेकडेने खाल्ले आणि ताट बाजूला केले. बाई तिथेच उभ्या. "काय चुकलं?"

"काही नाही. थोडं राहू दे."

पँटची हकीकत एव्हाना सिस्टरांकडून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती. "मास्तर, मार्जिन कपड्यात ठेवायचं. ताटात नाही."

कंडक्टरला ठसका लागला. मास्तरांनी अंडे संपवले.

दातांच्या डॉक्टरांनी कवळी आतून भरून नीट बसवून दिली. खूप दिवसांनी मास्तरांनी सफरचंद चावून खाल्ले आणि त्याचा आवाज आपल्याच कानात ऐकून त्यांना मजा वाटली. व्यायामाचे मात्र त्यांना काही केल्या लक्षात राहीना. मशीनवर बसले की ते जग विसरत. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. मशीनच्या पोटात दोऱ्याची बॉबिन असते. ती संपली की मशीन थांबवून दुसरी घालावी लागते. मास्तरांनी स्वतःला नियम घालून घेतला, बॉबिन संपली की उठायचे. आधी टेबलावर दोन्ही हात टेकून, मग एक हात, मग नुसती बोटे. मग टेबल धरून टाचा वर-खाली करायच्या आणि त्यानंतरच नवी बॉबिन. सिस्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी पेन अंबाड्यातून काढून पुन्हा खोचले. त्या खूश झाल्या की असे करत. "मग जरा लांबलचक शिवणीची कामं घ्या," म्हणाल्या. "पडदे वगैरे."

सगळे सुरळीत चालले होते आणि तेवढ्यात शाळेच्या नाटकाचे काम आले. दोन राजे, शिपायांची फौज आणि एक झाड. वेळ थोडा. मास्तरांनी हॉलमध्ये जाणे बंद केले. चहा टाकला, पाव बुडवला. कवळी खिशात गेली. बॉबिनी आधीच भरून ठेवल्या, म्हणजे झटपट बदलता येतील, उठायचे नंतर बघू. आठवडा असाच गेला आणि झाडाच्या फांद्या टाचताना त्यांच्या लक्षात आले की उठताना आपला हात पुन्हा टेबलावर भार देऊन बसला आहे. आता काय तोंड घेऊन हॉलमध्ये जायचे, म्हणून ते मग मुद्दामच गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या दारात सिस्टर उभ्या राहिल्या. हातात दोन डबे. मागे कंडक्टर.

"मास्तर, आठवडाभर तुमचं अंडं मी खाल्लं," कंडक्टर म्हणाला. "बघा माझ्या मांड्या."

मास्तरांना वाटले, आता खरडपट्टी निघणार. सिस्टरांनी शिपायांचे अंगरखे बाजूला सारले, बाकावर बसल्या, एक डबा मास्तरांपुढे ठेवला आणि दुसरा उघडून स्वतः जेवू लागल्या. "मलाही आज जेवायला वेळ झाला नव्हता. बसा. एकट्यानं खाल्लं की मीही अर्ध्यावर सोडते."

मास्तरांनी खिशातून कवळी काढली, धुऊन आणली आणि बसले. तिघे जेवले. वरची जमीन गप्प होती, पण खूप दिवसांनी त्या दुकानात जेवायच्या वेळेला मशीन थांबले होते. मास्तरांना काहीतरी बोलायचे होते. त्यांनी डबे घासून परत दिले. त्यांच्या धंद्यात आभार तोंडाने मानत नाहीत, आतली शिवण नीट घालतात. नाटक पार पडल्यावर त्यांनी हॉलमधल्या सगळ्या खुर्च्यांसाठी गाद्या शिवल्या, चारी कडा दुहेरी टाक्याच्या. सिस्टरांनी हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "सुंदर. पण निम्मा कापूस काढा. खुर्ची उंच झाली की उठणं सोपं होतं, आणि मला पायांना काम हवंय." मास्तरांनी सगळ्या गाद्या उसवल्या आणि कापूस काढला. उसवताना ते गुणगुणत होते.

शाळेला सुट्टी लागली. लेक आली. येण्याच्या दिवशी मास्तरांनी धुतलेली पँट घातली तर बटण लागेना. श्वास आत ओढून लावले. पँट धुतल्यावर आटली असेल, असे त्यांना वाटले. जन्मभर कापडात गेलेल्या माणसाला आटायची ती पँट नव्हे हे कळायला हवे होते. पण त्यांचे सगळे लक्ष जिन्याकडे होते.

लेकीने चहाही घेतला नाही. टेबलाजवळची खुर्ची मधोमध ओढली. "चला, बाबा."

मास्तरांनी हात छातीशी घेतले आणि उठले. सावकाश, पण सरळ. बसले. उठले. बसले. पुन्हा उठून जरा ऐटीत बसायला गेले आणि मागे टर्रकन आवाज झाला.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मास्तरांनी हात मागे नेला. मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली होती. त्यांच्या हातची शिवण उसवलेली गावात कोणी बघितली नव्हती, त्यांनी स्वतःही नाही. शेवटची आत घेतलेली ओळ होती ती. पडायच्या आधी थोडे दिवस घातलेली. तेव्हा हात थरथरत होता आणि टाके लांब पडले होते.

लेक आधी हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती तोंडावर ओढणी धरून बाकावर बसली.

"हसतेस काय? जिना राहिलाय अजून," मास्तर म्हणाले. एका हाताने पँट मागून धरून ते जिन्याकडे निघाले.

"बाबा, राहू द्या आता..."

"ठरलं ते ठरलं."

ते चढू लागले. निम्मा जिना नीट चढले. वरच्या वळणावर पायरी अरुंद होती; तिथे त्यांचा मोकळा हात आपोआप भिंतीवर गेला. ते तिथेच थांबले. हात काढून घेण्यात काही अर्थ नव्हता. लेक बघत होती.

"लागला हात," मास्तर वळून न बघता म्हणाले. "सामान तसं फार नाहीये."

खालून खुर्ची मशीनकडे सरकवल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "खाली या आणि ती पँट इकडे द्या."

मास्तर टॉवेल गुंडाळून बाकावर बसले. लेक मशीनवर बसली. तिने दिव्याखाली पँट उलटी केली आणि उसवलेल्या ओळीचा उरलासुरला दोरा ओढून काढला. आतली आधीची ओळ तिने बोटाने चाचपली आणि तिच्यावरून नवी शिवण घातली. एक ओळ मागे. कापड तिथे होतेच, न कापलेले.

"त्या वळणावर तर मीही भिंत धरते," दोरा तोडताना ती म्हणाली. "सुताराला बोलावते उद्या. दोन्ही बाजूंना कठडा करून घेऊ. कठडा धरायला माझी काही हरकत नाही."

"आणि मशीन?"

"मशीनला काय झालंय? चालतंय की चांगलं." तिने पँट त्यांच्या मांडीवर टाकली. "पण हॉल चुकवलात असं त्या सिस्टरांनी मला कळवलं ना..."

"त्या स्वतःच येतील. डबा घेऊन."

लेक सुट्टी संपवून गेली. त्यानंतर एकदा मास्तर सिस्टरांना म्हणाले, "तुमच्यासाठी काहीतरी शिवू द्या की." सिस्टरांनी कामात मान खाली ठेवूनच सांगितले, "शिवू नका. बघा. तुमच्याकडे रोज कोणी ना कोणी कपडे आत घ्यायला आणतं. माझ्याकडे येतात ते पडल्यावर."

मास्तर ते ऐकून घेऊन परत आले.

काही दिवसांनी समोरचा चष्मेवाला दुकानात शिरला. हातात घडी केलेली पँट. त्याची बायको मुलाकडे गेली होती, तिकडे नातवंडांत रमली होती. "मास्तर, जरा कमरेत दोन बोटं आत घ्या. सैल झालीय."

मास्तरांनी पँट उलटी केली, मागची शिवण बघितली. एकदा त्यांनीच आत घेतलेली होती ती, मागच्या वर्षी. त्यांनी खिशात हात घातला. खिशात नुसता खडूच होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि टेबलाला हात न लावता खुर्चीतून उठले.

"तुम्ही खाता तरी काय हो?" त्यांनी विचारले.

"म्हणजे? खातो की. हे ते." चष्मेवाला गोंधळला. "पँट कधी मिळेल?"

मास्तरांनी पँट खुंटीला अडकवली. "ती राहू दे. आधी जेवायला चला."

"अहो, पण माझं दुकान उघडं आहे! आणि तुम्हाला काम नको का?"

"नको," मास्तर म्हणाले आणि दाराचे कुलूप शोधू लागले.